विंटनचा रोग, सरगुजाची गोंदली आणि आमच्या आईचा काढा

रिकार्टनच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या कुंपणाशी एक झुडूप होते. रुंद, खरखरीत, लव असलेली पाने आणि जांभळट घंटांसारखी फुले. शेजारीणबाईंच्या बागेतून ते आमच्याकडे आले. त्याच बाईंनी २००९ साली, आई सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे आली असताना, त्याची ओळख करून दिली. आईचे गुडघे दुखतात हे त्यांना कळले होते. त्यांनी पाने खुडून दिली आणि खुणांनी गुडघ्यावर बांधायला सांगितले. झाडाचे नाव कॉम्फ्रे. पण इंग्रजी खेड्यांतून त्याला आणखी एक जुने नाव आहे, त्याचा अर्थ ‘हाडे सांधणारे’. नातीने ते नाव आजीला मराठीत समजावून सांगितले आणि आईचा चेहरा खुलला. “अरे, म्हणजे ही इथली हाडसांधीच की!”

आमचे गाव वाई तालुक्यातले. तिथे हाडसांधीची चौकोनी कांडांची वेल कुंपणावर असायची. लचक भरली, हाड मोडले की तिची आठवण होई. त्या वेलीचा आणि कॉम्फ्रेचा दूरचाही संबंध नाही. पण नाव जुळले, गुण जुळला, आणि परक्या देशात आईला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. गुडघ्याला पाला बांधण्यापुरतेच हे राहिले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. आईने विचार केला, बाहेरून एवढा गुण येतो, तर पोटातून घेतल्यास किती येईल! तिने कोवळी पाने आले-गुळाबरोबर उकळून काढा सुरू केला. रोज सकाळी एक कप. मी कामावर गेल्यावर.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझी फजिती वाचकांच्या ध्यानात येईल. मी गुरांचा डॉक्टर. परळच्या व्हेटरिनरी कॉलेजातून १९७९ साली बाहेर पडलो, पंधरा वर्षे सातारा-सांगलीकडे काढली आणि १९९४ साली कँटरबरीत आलो. इथे परीक्षा पुन्हा द्याव्या लागल्या, त्या कथा आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहेत. त्या अभ्यासात एक प्रकरण मला पाठ करावे लागले होते : वनस्पतींतील पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स आणि त्यांनी होणारा यकृताचा नाश. त्यातल्या वनस्पतींच्या यादीत कॉम्फ्रेचे नाव होते. दक्षिण बेटावरच्या घोड्यांना आणि गाईंना मी या विषापासून सांभाळत होतो आणि माझ्याच स्वयंपाकघरात त्याचा काढा उकळत होता. जवळजवळ तीन आठवडे मला पत्ता नव्हता.

तो पत्ता कसा लागला ते पुढे येईल. आधी या विषाचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपण जिथे राहतो त्या देशात घडला आहे, आणि आपण जिथून आलो त्या देशातही.

* * *

क्राइस्टचर्चहून दक्षिणेला साडेपाचशे किलोमीटरहून अधिक गेले की इन्व्हरकार्गिल लागते. त्याच्या उत्तरेला तीसएक किलोमीटरवर विंटन नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या घोड्यांना आणि गुरांना एक विचित्र रोग होऊ लागला. जनावर खंगत जाई, घोडा आंधळ्यासारखा भिंतीवर जाऊन आदळे, गाय सतत कुंथत राही आणि शेवटी मरे. फाडून पाहिले तर यकृत आकसून दगडासारखे कठीण झालेले. लोकांनी त्याला ‘विंटनचा रोग’ म्हटले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी जमिनीला, कुणी म्हणे साथ आहे.

हे कोडे सोडवणारा माणूस जॉन अँडरसन गिलरुथ. जन्माने स्कॉटिश, ग्लासगोला शिकलेला, १८९३ साली सरकारी पशुवैद्य म्हणून न्यूझीलंडमध्ये आलेला. वय बावीस. पुढे तो देशाचा मुख्य पशुवैद्य झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्याने एक साधी गोष्ट केली. आजारी जनावरांच्या कुरणात जे पिवळ्या फुलांचे तण माजले होते ते निरोगी जनावरांना मुद्दाम खाऊ घातले. तोच रोग झाला, यकृताची तीच दशा झाली. ते तण म्हणजे रॅगवर्ट. आजही उन्हाळ्यात दक्षिणेकडे गाडी काढली की रस्त्याच्या कडेला ही पिवळी फुले दिसतात, आणि आपली मुले ‘काय छान!’ म्हणून फोटो काढतात.

रॅगवर्ट इथले नव्हे. युरोपातून वसाहतवाल्यांबरोबर ते आले. मंडळी स्कॉटलंड-इंग्लंडहून घरे, चर्च आणि गावांची नावे घेऊन आली. आपले रिकार्टनही त्यातलेच. १८४३ साली इथे स्थायिक झालेल्या विल्यम आणि जॉन या डीन्स बंधूंनी एअरशरमधल्या आपल्या गावाचे नाव या मैदानाला दिले. त्यांच्या वंशजांनी १९१४ साली जनतेला दिलेले कहिकातियाचे रान आजही आपण रविवारी फिरायला जातो तिथे उभे आहे. पण चांगल्या बियाण्यांच्या पोत्यांतून तणही येते. स्थलांतर करणारा आपल्याबरोबर काय काय आणतो हे त्याचे त्यालाच पुरते माहीत नसते.

गंमत अशी की त्याच सुमारास कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, स्कॉटिश वसाहतीच्याच भागात, गुरांना असाच रोग होत होता. तिथे त्याचे नाव ‘पिक्टूचा गुररोग’. तो सांसर्गिक आहे असा समज होता. डब्ल्यू. एच. पेथिक यांच्या प्रयोगांनी १९०६ च्या सुमारास सिद्ध झाले की तिथेही गुन्हेगार रॅगवर्टच. दक्षिण आफ्रिकेत मोल्टेनो गावाच्या नावाने हाच रोग ओळखला जाई, तिथे त्याच कुळातली स्थानिक वनस्पती कारण होती. एकच रोग, तीन खंड, तीन गावांची नावे. प्रत्येक गावाला वाटत होते की हे दुर्दैव फक्त आपलेच.

रॅगवर्ट चवीला कडू असते, म्हणून पोटाला पुरेसा चारा असेल तर गाय ते टाळते. पण कापून वाळवले, किंवा फवारणीने कोमेजले, की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. म्हणून खरा धोका वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत. माझ्या इथल्या दुसऱ्याच वर्षी मी एका घोडीला ‘पोटशूळ’ म्हणून औषध दिले आणि दोन आठवड्यांनी ती मेली. मालकाने गठ्ठा उसकटून दाखवला, आत वाळलेल्या पिवळ्या फुलांच्या काड्या होत्या. वाचवणे त्या वेळी माझ्या हातात नव्हतेच, यकृत केव्हाच गेले होते. पण गठ्ठा उसकटायला मीच आधी सांगायला हवे होते.

मेंढ्यांना हे विष बरेच पचते. त्यांच्या पोटातले जंतू आणि यकृत दोन्ही त्याचा बंदोबस्त करतात, म्हणून शेतकरी रॅगवर्टच्या कुरणात मेंढ्या सोडत आले आहेत, अर्थात त्यालाही मर्यादा आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिनाबार पतंगाच्या अळ्या तर त्यावरच वाढतात आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून आपला बचाव करतात. १९८३ साली रॅगवर्टची मुळे खाणारा एक इवलासा भुंगा न्यूझीलंडमध्ये सोडण्यात आला आणि अनेक भागांत त्याने या तणाला चांगला आळा घातला.

* * *

आता यकृताच्या पेशीत नेमके काय घडते ते पाहू. हा भाग थोडा शास्त्रीय आहे, पण आपली पुराणे माहीत असणाऱ्याला अवघड नाही.

यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका. आतड्यातून शोषलेले सगळे आधी तिथे येते. जे परके असेल त्याचे रूप बदलून ते पाण्यात विरघळेल असे करायचे आणि लघवीवाटे बाहेर घालवायचे, हे त्याचे काम. त्यासाठी यकृताच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एन्झाइम्सचा ताफा असतो. हे अल्कलॉइड झाडातून येते तेव्हा बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. यकृत आपल्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे त्याच्यावर प्रक्रिया करते, त्यातले दोन हायड्रोजन काढून घेते, आणि त्यातून ‘पायरोल’ जातीचे एक अत्यंत आक्रमक द्रव्य तयार होते. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ ए. आर. मॅटॉक्स यांनी १९६८ साली ही गोष्ट पुढे आणली. शंकराने भस्मासुराला वर दिला आणि भस्मासुर त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला, तसा हा प्रकार. विषाला शक्ती देणारा आणि त्याचा पहिला बळी, दोघे एकच.

हे पायरोल जवळ सापडेल त्याला चिकटते. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक पहारेकरी असतो, तो आधी स्वतःच्या अंगावर घेतो. पहारेकरी संपले की पायरोल प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन भिडते. डीएनएचे दोन धागे एकमेकांना शिवले जातात. ते सुटे झाल्याशिवाय पेशीचे विभाजन होत नाही. पेशी मरत नाही, पण दोनही होत नाही, नुसती फुगत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा राक्षसी पेशी दिसल्या की आम्ही ओळखतो. निरोगी यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढते. इथे जुन्या पेशी गेल्यावर त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, तंतूंचा चट्टा भरतो. म्हणून शरद ऋतूत गवत खाल्लेला घोडा वसंतात मरतो, आणि मालकाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

विषाची मात्रा मोठी असेल तर आणखी एक गोष्ट घडते. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी नाजूक असतात, ग्लुटाथायोनही लवकर संपते. त्या गळून पडतात. रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा तुंबतात. नाल्याचे तोंड बुजले की पाणी जसे शेतात पसरते, तसे पोटात पाणी साठते. आपल्या जुन्या शब्दात जलोदर. १९५४ साली जमैकात ब्रास, जेलिफ आणि स्टुअर्ट या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या अशा आजाराचे वर्णन करून त्याला ‘व्हेनो-ऑक्लुझिव्ह’, म्हणजे शिरा बुजवणारा, असे नाव दिले. ही मुले रानपाल्याचा चहा पीत असत. घरगुती औषध म्हणून आयांनीच तो दिलेला असे.

* * *

आता आपल्या देशाकडे येतो. सरगुजा हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, २००० सालापासून छत्तीसगडमध्ये आहे. डोंगराळ, आदिवासी मुलूख. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या काही खेड्यांत माणसांची पोटे फुगू लागली. घरातल्या एकाला झाले की दुसऱ्याला होई. हात-पाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे. साथच म्हणायची, पण संसर्ग सापडेना.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. यकृताचे तुकडे तपासल्यावर दिसले ते जमैकाच्या मुलांमध्ये दिसलेलेच : बुजलेल्या शिरा. त्यांचा अहवाल १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६७ रुग्ण, त्यांपैकी २८ मृत्यू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनीही शोध घेतला. कारण निघाले ते लोकांच्या ताटात. तिथले मुख्य धान्य गोंदली, म्हणजे आपल्या वरीच्या जातीचे बारीक धान्य. त्या गोंदलीच्या शेतात क्रोटालारियाच्या एका जातीचे तण उगवले होते, कापणीत त्याच्या शेंगा धान्याबरोबर आल्या, आणि बिया पिठात गेल्या.

क्रोटालारिया म्हणजे काय ते गावाकडच्या वाचकांना लगेच कळेल. वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात, म्हणून आपण त्या झाडांना खुळखुळा म्हणतो. लहानपणी आम्ही त्या शेंगा पायांत बांधून नाचलो आहोत. याच कुळातला ताग आमचे वडील हिरवळीच्या खतासाठी पेरत आणि फुलावर येताच नांगराने गाडत. तागाच्या बियांतही याच जातीची द्रव्ये असतात. मी हे सगळे पाहत मोठा झालो, पण त्या शेंगेच्या आवाजात मृत्यू असू शकतो हे मला परळला नव्हे, इथे लिंकनच्या वाचनालयात बसून कळले.

त्याच वर्षांत, १९७४ ते १९७६ दरम्यान, वायव्य अफगाणिस्तानात दोन वर्षांच्या दुष्काळानंतर असेच झाले. तिथे गव्हात हेलिओट्रोपियमच्या, आपल्या भुरुंडीच्या कुळातल्या, तणाच्या बिया मिसळल्या होत्या. सुमारे ७२०० लोकांची पाहणी झाली, त्यांपैकी पाचातल्या एकाहून अधिक जणांत यकृताच्या विकाराच्या खुणा आढळल्या. १९९२-९३ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, ताजिकिस्तानातही तेच घडले.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. दुष्काळ पडतो तेव्हा पीक कमी आणि तण जास्त येते. धान्य थोडे असले की माणूस ते पाखडून टाकत नाही, आहे ते सगळे दळतो. उपाशी शरीरात ग्लुटाथायोनही कमी असते. म्हणजे विषाची मात्रा वाढते आणि पहारेकरी घटतात, दोन्ही एकाच वेळी. यकृताच्या पेशीला भस्मासुर मारतो हे खरे, पण त्याला दार उघडून देते ते दारिद्र्य. गिलरुथच्या घोड्यांना मालक होता, नुकसान झाले म्हणून सरकार हलले. सरगुजाच्या माणसांकडे लक्ष जायला पोटे फुगावी लागली.

* * *

आणि आपण? आपण सुखवस्तू देशात राहतो, धान्य पाकिटातून येते. आपल्याकडे हे विष दुष्काळातून येत नाही, विश्वासातून येते. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ या एका वाक्यातून.

१९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडमधल्या २३ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. बराचसा शाकाहारी, प्रकृतीची काळजी घेणारा मुलगा. आजारी पडण्यापूर्वी तो कॉम्फ्रेची कोवळी पाने वाफवून भाजीसारखी खात होता. यकृताच्या शिरा बुजून तो गेला. कोवळ्या पानांत हे द्रव्य जून पानांपेक्षा जास्त असते आणि मुळांत त्याहूनही जास्त. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नसंहितेत कॉम्फ्रे खाद्यपदार्थांत वापरायला मनाई आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली पोटात घ्यायच्या कॉम्फ्रेच्या गोळ्या बाजारातून काढायला सांगितले. पण परसातल्या झुडपावर कुठलीही संहिता लटकवलेली नसते.

आमच्या घरी ते उघडकीस आले एका रविवारी. सौ.ने सहज म्हटले, “आईंचा काढा संपत आला, तुम्ही फिरायला जाताना शेजारून पाने आणाल का?” “कसला काढा?” मी विचारले. पातेल्याच्या तळाशी चिकटलेले ते लवदार पान मी पाहिले आणि मला त्या घोडीचा गठ्ठा आठवला.

मी आईवर ओरडलो. वयाच्या पन्नाशीनंतर मी तिच्याशी त्या आवाजात बोलायला नको होते. ती गप्प बसली, मग म्हणाली, “अरे, मला काय माहीत? तू दिवसभर नसतोस. मी विचारणार कुणाला?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासले, यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली निघाली. काढा बंद केला. दीड महिन्याने पुन्हा तपासले तेव्हा आकडे जागेवर आले होते. काढ्यानेच ते वाढले असे मी शपथेवर सांगणार नाही, त्या वयात कारणे अनेक असतात. पण तो दीड महिना मी नीट झोपलो नाही. शेजारीणबाईंना सांगितले तेव्हा त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी दिलेला सल्ला बांधण्यापुरता होता, पिण्याचा नव्हता. त्यांनी दिले ते प्रेमाने, आईने घेतले ते विश्वासाने. चूक असेल तर मधल्या जागेत होती, आणि त्या मधल्या जागेत मी असायला हवे होते.

म्हणून मंडळातल्या सर्वांना एवढेच सांगायचे आहे. आपले आईवडील इथे येतात तेव्हा त्यांचे वनस्पतींचे ज्ञान त्यांच्या मातीपुरते खरे असते. इथली माती वेगळी, पाला वेगळा, नावे फसवी. त्यांच्या ज्ञानाला हसू नका आणि त्यांना एकटेही सोडू नका. कुणी कसला काढा घेत असेल तर झाडाचे नाव विचारा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. डोळे पिवळे दिसले, पोट फुगले, भूक मेली, तर वाट पाहू नका.

आई त्यानंतर तीन महिने राहिली. तिच्या त्या दिवसांतली एक सवय आठवते. भारतीय दुकानातून आणलेली पाकिटातली, यंत्राने स्वच्छ केलेली डाळ ती ताटात ओतून खिडकीपाशी निवडत बसायची. आम्ही हसायचो. “अगं आई, ही निवडून येते.” ती म्हणायची, “येऊ दे की. बघायला काय जातंय?” सरगुजाच्या त्या अहवालाची प्रत तेव्हा माझ्या टेबलावर पडलेली होती. मी तिला त्यातली गोष्ट मराठीत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “त्या बायकांकडे सूप नव्हतं का रे?”

मी म्हटले, “सूप असेल आई. पाखडून टाकण्याइतकं धान्य नव्हतं.”

ती काही बोलली नाही. ताटातला एक काळा दाणा तिने बाजूला काढला, आणि निवडत राहिली.